टाचेचा फोटो

१

रोज सकाळी साडेआठ वाजता दुर्गा इंगळे आपल्या वडिलांच्या टाचेचा फोटो काढत असे. त्याआधी साडेपाचला उठायचं, बाबांना कुशीवर वळवायचं, अंग पुसायचं, कपडे बदलायचे, लापशी भरवायची, औषधं द्यायची आणि मग काखेत हात घालून त्यांना पलंगावरून खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत आणायचं. एवढं होईपर्यंत तिची पाठ भरून येई. दिवस तर अजून सुरूही झालेला नसे. पावणेदहाला तळमजल्यावरच्या शालिनीताई बाबांजवळ बसायला येत, आणि दुर्गा शेअर टेंपो पकडून ऑफिसला जाई.

हिंदी मुलखातल्या शहरात, थाटीपुर वस्तीतलं हे क्वार्टर तिच्या सरकारी नोकरीवर मिळालेलं. पुढे एक खोली, मागे एक, मधे अरुंद बोळ आणि बोळाच्या टोकाला स्वयंपाकघर. ती आणि बाबा, दोघंच राहत. धाकटा भाऊ समरजीत बंगळूरला होता. तो रविवारी फोन करी.

संभाजीराव इंगळे तीस वर्षं शाळेत पीटीचे मास्तर होते. मैदानाच्या एका टोकाला उभे राहून दुसऱ्या टोकाची रांग नुसत्या आवाजाने सरळ करत. दोन वर्षांपूर्वी त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डोळे दिवसभर उघडे असत, पण ते काही पाहतात की नाही, हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. दुर्गाला ते ओळखतात का, हा प्रश्न तिने विचारायचाच सोडून दिला होता.

ऑक्टोबरात त्यांच्या उजव्या टाचेला जखम झाली. सारखा पाय टेकून राहिल्याने होते तशी.

"इतक्या वेळा दवाखान्यात उचलून आणू नका त्यांना," डॉक्टर म्हणाले. "रोज फोटो पाठवा. पण रंग खरा दिसला पाहिजे. लाल आहे तोवर ठीक. काळी पडायला लागली तर पायाचा विचार करावा लागेल."

दुर्गाने तीन दिवस फोटो पाठवले. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांचा मेसेज आला, की यात तर जखमच दिसत नाही. तिने नीट पाहिलं. खरंच, फोनने कातडी गुळगुळीत करून टाकली होती आणि टाच एखाद्या तान्ह्या बाळासारखी गुलाबी दिसत होती.

ऑफिसातल्या अंशुलला तिने डबा खाताना हे सांगितलं. अंशुल तिच्याहून वीस वर्षांनी लहान, पण फोटोंचा नाद असलेला.

"ताई, फोन तुम्हाला खूश करायला बघतो," तो म्हणाला. "पाच-सात फोटो झटपट घेतो, मिसळतो, साफसफाई करतो, मग दाखवतो. तुम्ही रॉ में लीजिए. रॉ म्हणजे एकच फोटो, कच्चा. लेन्ससमोर जे आहे ते. दिखने में बेकार लगता है, पण खरं असतं."

त्याने तिच्या फोनमध्ये तशी सोय करून दिली. एकदा बटण दाबलं की दोन फोटो साठत, एक नेहमीचा आणि एक रॉ. टाचेशेजारी पांढरा कागद ठेवायचा, मग एडिट करताना त्या कागदावर बोट ठेवून सांगायचं की हे पांढरं आहे, म्हणजे बाकीचे रंग आपोआप जागेवर येतात. अंधारलेला भाग उजळायचा असेल तर सावल्यांचा स्लायडर उजवीकडे ओढायचा. एवढंच.

२

रॉ फोटो पहिल्यांदा उघडला तेव्हा तिला तो आवडला नाही. मळकट, फिका, धूळ बसल्यासारखा. पण जखम स्पष्ट दिसत होती, कडेचा जांभळट वेढा आणि मधला ओलसर लाल भाग. डॉक्टरांनी मलम बदलून दिलं.

हळूहळू त्या दहा मिनिटांची तिला गोडी लागली. चहाचा कप ओट्यावर ठेवून ती उभ्याउभ्याच फोटो एडिट करी. बोट सरकवलं की काळोखातून बाबांच्या धोतराची चुणी वर येई, स्टुलाच्या पायावरचा ओरखडा वर येई. तिच्या अख्ख्या दिवसात बोट हलवून सुधारणारी तेवढी एकच गोष्ट होती.

नवव्या की दहाव्या दिवशी तिला हात दिसला.

फोटो टाचेचाच होता, पण वरच्या कडेला बाबांचा उजवा गुडघा आणि त्यावर ठेवलेला उजवा हात आला होता. नेहमीच्या फोटोत तो हात होता तसाच होता, उताणा, बोटं सैल. रॉ फोटोत त्या हाताची मूठ वळलेली होती. नुसती वळलेली नाही, घट्ट आवळलेली. बोटांची पेरं पांढरी पडली होती.

तिने दोन्ही फोटो आळीपाळीने चार वेळा उघडले. मग पुढच्या खोलीत गेली. बाबा खिडकीशेजारी तसेच बसले होते. हात उताणा होता. तिने त्यांची बोटं मिटवून पाहिली. सोडल्याबरोबर ती एकेक करून उघडी पडली.

३

"वेळेचा फरक असणार," अंशुल म्हणाला. "ते पाच-सात फोटो आणि हा एक, थोडं पुढेमागे होतं. त्या मधल्या क्षणात मूठ वळली असेल. अच्छी बात है ना, ताई. हाताची हालचाल परत येतेय."

दुर्गालाही तेच पटवून घ्यायचं होतं. तिने व्यायाम करून घेणाऱ्या तरुणाला बोलावलं. त्याने बाबांच्या तळव्याला टोचून पाहिलं, कोपर वाकवून पाहिलं, आणि मान हलवली. "दीदी, इस हाथ में अभी कुछ नहीं है," तो हलक्या आवाजात म्हणाला. तो गेल्यावर तिने हाताला तेल लावलं. जड, ऊबदार, निर्जीव हात. त्याला आपण दोन वर्षं रोज धुतो आहोत, आणि तो आपल्याला काहीच सांगत नाही, असं तिच्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशी टाचेचा फोटो झाल्यावर ती दोन पावलं मागे सरली आणि तिने बाबांचा पूर्ण फोटो काढला.

नेहमीच्या फोटोत बाबा होते, मान एका खांद्यावर कललेली, ओठांच्या कोपऱ्यात लाळ. रॉ फोटोत बाबा ताठ बसले होते. मान सरळ, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर, आणि डोळे थेट समोर. थेट तिच्याकडे. त्या डोळ्यांत दोन वर्षांपूर्वीपर्यंतचा माणूस जसाच्या तसा हजर होता.

चहा निवून गेला. ती बाबांसमोर जमिनीवर जाऊन बसली.

"बाबा, मी दिसते का तुम्हाला?"

बाबांची मान कललेलीच होती. तिने पदराने त्यांचं तोंड पुसलं. मग ऑफिसची वेळ झाली म्हणून उठली, आणि त्या दिवशी टाचेचा फोटो डॉक्टरांना पाठवायचा राहूनच गेला.

४

त्यानंतर ती सकाळी दहा-दहा फोटो काढायला लागली. नेहमीचे फोटो बघायची नाही. ओट्याशी उभं राहून एकेक रॉ उघडायची, सावल्या उजळायची आणि बाबांचा चेहरा दोन बोटांनी मोठा करायची. तिने हे कुणाला सांगितलं नाही. समरजीतला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, ताई, तू झोप जरा. आणि ते खरंच होतं. पाटणकर बाजारात कापूस आणि मलम घेताना परवा ती दुकानाच्या कट्ट्यावर उभ्याउभ्या पेंगली होती. दमलेल्या माणसाला काहीही दिसतं, हे तिलाही कळत होतं. पण दमलेल्या माणसाला दिसलेलं फोनमध्ये कसं साठेल?

आठवडाभरात तिच्या एक गोष्ट लक्षात आली. बाबा तिच्याकडे बघत नव्हते.

जवळजवळ तिच्याकडे. पण नजर किंचित बाजूला, तिच्या डाव्या खांद्यावरून मागे जाणारी. फोटो काढताना तिच्या मागे बोळ असे, आणि बोळाच्या टोकाला स्वयंपाकघराचा पडदा. तिने तिथे जाऊन पाहिलं. सिलिंडर, पाण्याची कळशी, भिंतीवर वाळत टाकलेली फडकी. नळाचं टपटपणं. बाकी काही नाही.

तिने सोमवारपासूनचे फोटो एकापाठोपाठ एक लावले. सोमवारी नजर लांबवर होती, बोळाच्या टोकाला असावी तशी. बुधवारी जरा अलीकडे. शुक्रवारी उजवा हात खुर्चीवरून उचललेला होता आणि एक बोट पुढे झालेलं. शनिवारी बाबांचं तोंड उघडं होतं, कपाळाच्या शिरा फुगलेल्या. ते ओरडत होते. फोटो अर्थातच मुका होता. आणि तो काढताना खोलीत फक्त पंख्याचा आवाज होता आणि बाबांचा घरघरता श्वास, हे तिला पक्कं आठवत होतं.

रविवारी तिने बटण दाबून धरलं आणि भराभर बारा फोटो काढले. ओठ मिटलेले. ओठ दोन्ही बाजूंना ताणलेले. पुन्हा मिटलेले. मग गोल. तिने स्वतःचे ओठ तसे करून पाहिले. दोनदा, तीनदा. लहानपणी ती त्यांच्याच शाळेत होती. मैदानावर उन्हात उभं राहून हे शब्द तिने हजारदा ऐकले होते.

पीछे मुड़.

ती ओट्याशी उभी होती. तिच्या पाठीमागे बोळ होता. तिने हात धुतले, टॉवेलला पुसले, मग वळली. बोळ रिकामा होता, आणि त्याच्या पलीकडे पुढच्या खोलीत बाबांचं कललेलं डोकं दिसत होतं.

५

सोमवारी तिने खुर्ची फिरवली. आता फोटो काढताना तिची पाठ भिंतीला टेकत होती, घट्ट, मधे कागदही शिरला नसता. तरी रॉ फोटोत बाबांची नजर तिच्या कानाच्या बाजूलाच होती. फक्त आता ते ओरडत नव्हते. खूप जवळ काही आलं की माणूस श्वास धरून बसतो, तसे बसले होते.

त्या संध्याकाळी शालिनीताई जायला निघताना दारात थांबल्या.

"दुर्गा, एक सांगू? दिवसभर अगदी शांत असतात गं संभाजीराव. आज तर मी गाणं लावलं तर बोट हलल्यासारखं वाटलं मला. पण तू दार उघडून आत आलीस की डोळ्यांतून पाणी यायला लागतं त्यांच्या. रोज बघते मी. लेकीची माया असते, बिल्कुल कळतं त्यांना सगळं."

"हो," दुर्गा म्हणाली.

"आणि तू सरळ उभी राहत जा. एका अंगाला कललीयेस. हा खांदा बघ किती उतरलाय."

शालिनीताई जिना उतरून गेल्या. दुर्गा पर्स खांद्याला तशीच ठेवून पुढच्या खोलीत आली. बाबांच्या गालावरून पाणी ओघळत होतं. ती पुसायला पुढे झाली, तसं ते अधिकच वाहायला लागलं. म्हणून ती मागे सरली, आणि भिंतीशी जाऊन उभी राहिली.

तिला मागच्या हिवाळ्यातली एक सकाळ आठवली. औषधाचे थेंब चमच्यात मोजताना ती थांबली होती. आज बाबा उठलेच नाहीत तर, एवढंच मनात आलं होतं, आणि त्या विचाराने तिला इतकं हलकं वाटलं होतं की ती मिनिटभर त्या हलकेपणातच उभी राहिली. मग तिने थेंब मोजले, बरोबर दहा, आणि दिले. असं कुणाच्याही मनात येत असेल. तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं. पण खांदा तेव्हापासून दुखत होता का, हे तिला काही केल्या आठवेना.

६

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात समरजीत चार दिवसांसाठी आला. त्याला बघून दुर्गाला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. तिने त्याच्यासाठी भाजणीचं थालीपीठ केलं.

"आज मी काढतो फोटो," तो सकाळी म्हणाला. "तू बस. कसं करायचं ते सांग."

तिने सांगितलं. पांढरा कागद, स्टूल, खिडकीचा उजेड. ती स्वतः स्वयंपाकघरात गेली आणि पडदा ओढून घेतला. समरजीतने टाचेचा फोटो काढला आणि मग तिनेच सांगितल्यावरून बाबांचा पूर्ण फोटोही काढला.

तिने ओट्याशी रॉ उघडला. बाबा ताठ बसले होते. डोळे थेट लेन्सकडे, समरजीतकडे. भुवया किंचित उंचावलेल्या, ओठांच्या कडेला मिशीखाली हसू. मुलगा स्टेशनवरून घरी आल्यावर बाप जसं बघतो, तसं. कुठे बाजूला नजर नाही. समरजीतच्या मागे काही नव्हतं.

ते बोळात नव्हतं, खोलीत नव्हतं. तिने फोन ओट्यावर पालथा ठेवला.

"ताई, ये ना," समरजीत बाहेरून म्हणाला. "तुमचा दोघांचा एक काढतो. दो साल में तुमचा एक फोटो नाही माझ्याकडे."

नको म्हणायला काही कारण सुचलं नाही. तिने फोन त्याच्याकडे दिला आणि बाबांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. डावा हात तिने बाबांच्या खांद्यावर ठेवला. उजव्या हातात पांढरा टॉवेल होता तो तसाच राहिला. मागे बोळाचा काळोख होता.

"जरा हस," समरजीत म्हणाला. "बस. झालं." त्याने फोन तिला परत दिला आणि आंघोळीला गेला.

नेहमीचा फोटो छान आला होता. फोनने तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळंही पुसून टाकली होती.

तिने रॉ उघडला. बाबांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते आणि खुर्चीत जितकं सरकता येईल तितकं ते तिच्या हातापासून दूर सरकले होते. ती स्वतः मात्र होती तशीच दिसत होती, एका अंगाला कललेली, दमलेली. तिच्या मागे सगळं काळं.

तिने पांढऱ्यासाठी टॉवेलवर बोट ठेवलं. रंग जागेवर आले. मग सावल्यांचा स्लायडर हळूच उजवीकडे ओढला. दहा. वीस. काळ्यात हिरवट दाणे उमटले. बोळाची भिंत वर आली, मग भिंतीवरचा ओलीचा डाग. तीस. पडद्याची कड. चाळीस.

तिने बाबांच्या खांद्यावर हात ठेवला होता, तसाच तिच्या खांद्यावर एक हात होता.

तो तिला धरत नव्हता, ओढत नव्हता. चालून चालून थकलेलं माणूस कठड्याला हात टेकतं, तसा तो टेकलेला होता. पूर्ण भार टाकून. बोटं दिसत होती, मनगट दिसत होतं, आणि मनगटाच्या पुढचं सगळं अजून काळोखात होतं. स्लायडर जेमतेम अर्ध्यापर्यंत आला होता. तिचं बोट त्यावरच होतं.

नळाचा आवाज येत होता. आतून समरजीत काहीतरी गुणगुणत होता. तिने बोट डावीकडे नेलं. चाळीस, तीस, वीस, शून्य. सगळं पुन्हा काळं झालं.

"कसा आलाय?" समरजीत डोकं पुसत बाहेर आला.

"हलला," ती म्हणाली आणि तिने फोटो काढून टाकला. मग म्हणाली, "समर, बाबांना घेऊन जा."

तो थांबला. गेली दोन वर्षं तो हेच म्हणत होता आणि ती नाही म्हणत होती.

"तू पण चल मग. सुट्टी टाक."

"मी नाही येणार. मी आले तर काही उपयोग नाही."

"असं का बोलतेस?"

"मी दमलेय," दुर्गा म्हणाली. यात खोटं काही नव्हतं, आणि याहून जास्त खरं तिला सांगता येत नव्हतं. समरजीतने फोन काढून गाडीची तिकिटं बघायला सुरुवात केली.

स्टेशनवर ती डब्यापर्यंत गेली नाही. शालिनीताई गेल्या. त्यांनी परत येऊन सांगितलं, की गाडी सुटली तेव्हा संभाजीराव खिडकीपाशी अगदी शांत होते.

७

फेब्रुवारीत एका संध्याकाळी दुर्गा ऑफिसातून येऊन कुलूप उघडत होती तेव्हा समरजीतचा फोन आला. नेहमीचा वार नव्हता.

"ताई, बसलीयेस ना? बाबांनी आज चमचा धरला. उजव्या हाताने. पडला मग, पण धरला. टाच तर पूर्ण भरलीये. इथले डॉक्टर म्हणतात, एवढ्या उशिरा असं सहसा होत नाही. ताई, ऐकतेयस ना?"

"ऐकतेय," ती म्हणाली. आता मात्र तिला रडू आलं. तिने दार लावून घेतलं आणि दाराला टेकून उभी राहिली.

"थांब, व्हिडिओ लावतो. तुला बघून बघ कसे खूश होतात."

"नको."

"अगं, दोन मिनिटं फक्त. ते जागे आहेत."

"समर, माझा चेहरा त्यांना दाखवू नकोस. आजही नाही आणि पुढेही नाही. आवाज ऐकव. फोन कानाला लाव त्यांच्या."

पलीकडे कापड घासल्याचा आवाज आला, आणि मग बाबांचा श्वास. मोकळा, संथ श्वास. त्यात घरघर नव्हती.

"बाबा," दुर्गा म्हणाली, "चमचा धरलात म्हणे तुम्ही. छान झालं. रोज धरत जा. इकडे सगळं ठीक आहे. माझी काळजी करू नका."

श्वास क्षणभर अडखळला. ती थांबली. मग तो पुन्हा चालू झाला, पहिल्यासारखा, आणि समरजीतने फोन परत घेतला. तो आनंदात बरंच काही बोलला. ती हो हो म्हणत राहिली.

फोन ठेवल्यावर तिने डोळे पुसले. दिवा लावला नाही. खिडकीतून अजून थोडा उजेड येत होता, तेवढा पुरे होता. खांद्यावरून पर्स काढून तिने खुंटीला लावली. त्याने खांदा हलका झाला नाही, आणि होईल अशी तिची अपेक्षाही नव्हती.

चहा करायचा होता, पण आधी बसावंसं वाटलं. खिडकीजवळ वेताची खुर्ची रिकामी होती. तिने एका हाताने खुर्चीचा हात धरला, गुडघे जरा जरा वाकवले आणि अगदी सावकाश खाली बसली. आपल्यावर कुणी भार टाकलेला असताना एकदम बसलं तर ते माणूस पडतं. दोन वर्षांत तिला याची सवय झाली होती.